जावयाचा गोल

पुतणीने अमेरिकेतून फोन करून सांगितलं की मी लग्न करतेय आणि मुलगा फुटबॉल खेळतो, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझी मोठी जाऊ, म्हणजे पुतणीची आई, तव्याशी उभी होती. फोन स्पीकरवर.

"खेळते ते ठीक हाय," जाऊबाई म्हणाल्या, "पन काम काय करते?"

"आई, तेच त्याचं काम आहे."

तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला तरी आम्हा दोघींपैकी कुणालाही ती उलटायचं भान राहिलं नाही.

बुलढाण्याकडच्या धाड गावाजवळच्या आमच्या खेड्यात माणूस मास्तर असतो, कंडक्टर असतो, मिरचीचा व्यापारी असतो, नाहीतर शेतकरी असतो. चेंडू खेळणारा म्हणजे आमच्या लेखी अजून कामाला न लागलेला माणूस. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई, मला तरी जरा समजायला हवं होतं. पण खरं सांगते, मीही आ वासून फोनकडे बघत बसले होते.

जाऊबाईंचं दुःख वेगळं होतं. आमचे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, लवकर गेले. त्यानंतर त्यांनी शिलाई मशीन चालवून पोरीला शिकवलं. पोरीला बुलढाण्याला होस्टेलवर ठेवलं तेव्हा गल्लीने नावं ठेवली, पुण्याला पाठवलं तेव्हा ठेवली. पोरगी अमेरिकेत नोकरीला लागली तेव्हा कुठे गल्लीचं तोंड बंद झालं होतं, ते या लग्नाने पुन्हा उघडलं. पोरगी एवढी शिकली अन् चेंडूवाला केला, असं लोक नळावर बोलायचे आणि जाऊबाई आल्या की पाण्याकडे बघायचे.

त्यातून हे जावई पडले बचावाचे खेळाडू. त्यांनी गोल करायचा नसतो, दुसऱ्याचा होऊ द्यायचा नसतो. इतकी वर्षं खेळले, पण आमच्या घरात फुटका गोल आला नाही. समोरची बांगडीवाली चाची जाऊबाईंच्या हातात बांगड्या चढवता चढवता हमखास विचारायची, "क्यों भाभी, दामाद इत्ते साल से खेलता, एक बी गोल नै करा?" जाऊबाईंचा हात तिच्या मुठीत अडकलेला असायचा, त्यामुळे उठूनही जाता यायचं नाही.

माझ्या नवऱ्याने त्यांना एकदा नीट समजावलं. "वहिनी, तो राखणदार हाय. हरभऱ्यात रोही-डुकरं घुसू देत नाही तो. पिकाचं नाव कास्तकाराचं होते, राखणदाराचं नाही, पन राखणदार नसला तं पीक राह्यते का?"

"ते मले समजते, भाऊजी," जाऊबाई म्हणाल्या. "पन राखणदाराचा सत्कार झालेला तुम्ही कुठं पाह्यला काय?"



मग ती सकाळ उजाडली. जावयांच्या संघाचा मोठा अंतिम सामना होता. तिकडची रात्र, इकडची सकाळ. पुतणी मैदानात बसून व्हिडिओ कॉल करणार होती. एरवी आमच्या टीव्हीवर तिकडचे सामने दिसत नसत, त्यामुळे अख्खा सामना बघायची आमची ही पहिलीच वेळ. फोन गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. चाचीसुद्धा चहा घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली. माझा नवरा अचानक जाणकार झाला होता. त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "डावीकडची जाळी आपली, उजवीकडची त्याहिची. चेंडू उजवीकडं गेला पाह्यजे."

आम्ही ते पाठ केलं. चेंडू डावीकडे आला की जाऊबाई पदर तोंडात धरायच्या.

मध्यंतराला पुतणीने कॉल कापला, फोनची बॅटरी वाचवायला. आम्हीही पोहे केले. पुन्हा कॉल लागला तेव्हा खेळ सुरू होऊन गेला होता. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. आमच्या शाळेच्या मैदानावर मी आयुष्यभर कबड्डीचे सामने पाहिले, तिथेही बाजू बदलतात. पण त्या ओसरीवरच्या एकाही शहाण्याला ते आठवलं नाही. आमच्यासाठी उजवी जाळी त्यांचीच होती.

शेवटी शेवटी चेंडू उजवीकडून आडवा आला. आमचे जावई लांबून धावत आले, गवतावर घसरले, पाय लांब केला आणि चेंडू थेट उजव्या जाळीत. मैदान एवढं गरजलं की फोन फाटतो की काय असं वाटलं. पुतणीच्या हातून फोन निसटला असावा, आम्हाला लोकांचे पाय दिसले, दिवे दिसले, मग क्षणभर जावई दिसले. गुडघ्यांवर बसलेले, दोन्ही हात तोंडावर, पाठ गदगदा हलत होती. नवऱ्याने पटकन स्क्रीनशॉट घेतला आणि तेवढ्यात कॉल कटला.

"केला व माय! माह्या जावयानं केला!" जाऊबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. चाचीने त्यांना मिठी मारली. "अरे देखो, खुशी से रो रा बिचारा!" ती म्हणाली, आणि तिच्याही डोळ्यांना पाणी आलं.

नवरा मोटरसायकलवर धाड गावी गेला, पेढे आणि फटाके घेऊन आला. जाऊबाईंनी गल्लीत एकही घर सोडलं नाही, नळावर बोलणाऱ्यांच्या घरी तर स्वतः जाऊन हातावर पेढा ठेवला. मग नवऱ्याने व्हिडिओ काढला. मागे फटाके वाजतायत आणि जाऊबाई फोनच्या काचेला पेढा भरवतायत, "खा जावईबापू, खा, तोंड गोड करा." तो जावयांच्या फोनवर पाठवला. दुसऱ्या दिवशी तो स्क्रीनशॉट फ्लेक्सवाल्याकडे गेला आणि 'ऐतिहासिक गोल केल्याबद्दल जावईबापूंचे हार्दिक अभिनंदन' असा फलक गल्लीच्या तोंडाशी लागला.

पुतणीचा फोन आला तो नंतर, रडका. "काकू, हरलो आम्ही."

"अगं हरले तर हरले, आपल्या माणसाने तर गोल केला!" मी म्हणाले. तिकडून फोन कटला. मला वाटलं, रेंज गेली. आम्ही तो गोल डोळ्यांनी पाहिला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून इंटरनेटवर शोधायची बुद्धी कुणालाच झाली नाही.

पुढचा धक्का महिन्याभरात आला. जावई रिटायर झाले. पस्तिशीही न गाठलेला माणूस रिटायर कसा होतो, हे गावाला सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. कुणी विचारलं, काही लफडं झालं का? कुणी विचारलं, पेन्शन किती? जाऊबाईंनी मात्र त्यातून सोयीचं तेवढं घेतलं. आमच्याकडे ग्रामसेवक रिटायर झाला तरी शाल, श्रीफळ आणि जेवणावळ होते. मग जावई का सुटावेत? या वर्षीचा अधिक महिना, म्हणजे आमचा धोंड्याचा महिना, उन्हाळ्यात आला. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात. जाऊबाईंनी लेक-जावयाला बोलावलं आणि धोंड्यालाच जोडून सेवानिवृत्तीचा सत्कार ठरवला. राखणदाराचा सत्कार होत नाही म्हणणाऱ्या बाईने राखणदाराचाच सत्कार ठरवला होता, तोही गोलासाठी.

जावई आले. दारातून वाकून आत येणारा, नाक दोनदा मोडल्यासारखा दिसणारा, अबोल माणूस. आल्या दिवशीच त्यांनी मला हादरवलं. आम्ही गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि चाचीची बकरी जिना चढून वर आली. मी काठी शोधेपर्यंत जावई बकरी आणि कुरडयांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. गुडघे किंचित वाकवलेले, हात बाजूला. बकरीने डावीकडे मान टाकली, हे हलले नाहीत. तिने उजवीकडे झेप घेतली, हे आधीच तिथे. तो माणूस बकरीच्या तोंडाकडे बघतच नव्हता, तिच्या पुढच्या पायांकडे बघत होता. न हात लावता, न हाकलता त्यांनी तिला पायरी पायरीने जिन्याखाली नेऊन सोडलं. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढं नाजूक काम मी तोवर पाहिलं नव्हतं.

नंतर सावलीत बसून त्यांनी मला आपला सगळा खेळ सांगितला. माझं शाळेतलं इंग्रजी अडलं की पुतणी मदत करायची. डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत, म्हणून मी पायच बघतो, ते म्हणाले. लहान गावातला पोरगा, आई ड्यूटीवरून येऊन गाडीने सरावाला न्यायची. मोठ्या संघात जागा मिळायला वर्षं गेली. घोट्यात स्क्रू आहेत, ते त्यांनी माझं बोट धरून दाखवले आणि माझ्या अंगावर काटा आला. ज्या सामन्यानंतर माझं नाव कुणी घेत नाही तो माझा चांगला सामना, असंही म्हणाले. मी लगेच म्हणाले, "पण शेवटच्या सामन्यात तर सगळ्यांनी घेतलं असेल!"

ते हसले नाहीत. पुतणी एकदम उठून कुरडया उलटायला गेली, त्या अजून ओल्या होत्या तरी.

पहिला फलक कधीच फाटून गेला होता, म्हणून सत्काराच्या दिवशी सकाळी फ्लेक्सवाला नवा फलक लावून गेला. मजकूर तोच, फोटोही तोच, गुडघ्यांवर बसलेले जावई, फक्त आता पुरुषभर उंच. पुतणी जावयांसोबत दूध आणायला गेली होती, ती एकटीच रिकाम्या हातांनी परत आली आणि मला ओढून धान्याच्या खोलीत घेऊन गेली.

"काकू, तो फलक काढायला लाव. तो गोल त्याने आपल्याच जाळीत मारला होता."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा मी गव्हाच्या कोठीला धरून खाली बसले. तिने भराभरा सांगितलं. चेंडू अडवायला गेला आणि नडगीला लागून आत गेला. त्या एका गोलाने सामना गेला. गरजत होते ते समोरच्या संघाचे लोक. त्यानंतर लोकांनी त्याला जगू दिलं नाही, पेट्रोल पंपावर ओळखून शिव्या दिल्या, फोनवर मरायच्या धमक्या दिल्या. इतक्या वर्षांची राखण सगळे विसरले. तो पुन्हा मैदानात उतरलाच नाही.

"अन् तू आम्हाला एवढे दिवस बोलली नाहीस?"

"आईने पेढे वाटले होते, काकू. काय सांगू? आता तिला कळलं तर ती या गल्लीत मान वर करेल का?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती, जाऊबाई नळावर उभ्या आहेत आणि बायका पुन्हा पाण्याकडे बघतायत. मी विळा घेतला आणि फलकाच्या दोऱ्या कापायला धावले.

फलकासमोर जावई उभे होते. मी दोरीला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं, हलकेच. "नको, काकू," ते म्हणाले. तेवढं मराठी त्यांना येत होतं. मग इंग्रजीत, सावकाश, मला कळेल असं बोलले. हा फोटो मी हजार जागी पाहिलाय, म्हणाले, त्याखाली अभिनंदन फक्त इथेच लिहिलंय, हे बायकोने वाचून दाखवलंय मला. जेवीन, नमस्कार करीन, वाण घेईन, पण त्या गोलासाठी शाल घेणार नाही. आईंशी खोटं बोलून तर नाहीच. मग त्यांनी एक वाक्य मराठीत कसं म्हणायचं ते विचारलं. विळा हातात तसाच, आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून अमेरिकन जावयाला मराठीचा धडा देत होते. नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

ऊन उतरल्यावर शाळेच्या मैदानात मांडव भरला. जाऊबाई पहिल्या रांगेत, जपून ठेवलेली पैठणी नेसून. भाषणं झाली. एका वक्त्याने तो गोल असा रंगवून सांगितला की जणू तो स्वतःच बाजूला उभा होता. मग शाल घेऊन मंडळी पुढे आली आणि जावयांनी हात जोडून त्यांना थांबवलं. माईक हातात घेतला. पुतणीने मान खाली घातली.

"तो गोल... आपला नव्हता," ते म्हणाले. "मी आपल्याच घरात मारला. आपण हरलो. माझ्यामुळे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. चाचीने वळून त्या दिशेला अशी काही नजर टाकली की ते हसणं तिथेच संपलं. जावई मग इंग्रजीत बोलू लागले आणि पुतणी रडत रडत मराठीत सांगू लागली. त्या दिवशी माझ्या फोनवर नुसत्या शिव्या होत्या. संघातलं कुणी माझ्याशेजारी बसलं नाही. त्यात एक व्हिडिओ आला, आई मला पेढा भरवत होत्या. मला माहीत होतं त्यांची चूक झालीय. तरी मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. अजून पाहतो.

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्या उठल्या, कुणाकडे न बघता, आणि मांडवातून सरळ घराकडे चालू लागल्या. मी त्यांच्या मागे पळाले.

त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. समोर पातेल्यात धोंडे गार होत होते.

"जाऊबाई, लोकांचं काय घेऊन बसता," मी म्हणाले. "चार दिवस बोलतील, मग—"

"लोक गेले खड्ड्यात!" त्या माझ्यावर अशा उसळल्या की मी दारातच थबकले. "लोकायचं काय सांगतं व मले? अवं, तो गुडघ्यावर बसून रडत होता. मी पाह्यलं ना, ह्या डोळ्यानं पाह्यलं. पोरगं रडून राह्यलं होतं अन् मी पेढे वाटत फिरली. फटाके फोडले व आपण! मायच्या जातीले हसनं-रडनं कळत नाही का?"

मला वाटत होतं त्यांची मान खाली गेली असेल. त्यांना गल्ली आठवतही नव्हती. त्यांनी पाटावर दोन्ही हात आपटले आणि मग मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तशा त्या रडल्या, अगदी भासरे गेले तेव्हाही नव्हत्या रडल्या अशा.

जावई दाराशी आले. वाकून आत शिरले आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले, योगायोगाने गुडघ्यांवर. जाऊबाईंनी डोळे पुसले नाहीत, नाक ओढलं. मग पुढे सरकून त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं आणि जावयांचे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा, लहान पोराचे पुसावेत तसे दाबून.

जावई गोंधळले. त्यांचे डोळे कोरडे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, मी रडत नाहीये.

मी ते जाऊबाईंना सांगितलं.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. आजवर जावईबापू आणि तुम्हीच्या खाली न उतरलेली ती बाई पहिल्यांदाच त्यांच्याशी एकेरीत बोलली. "तवाचं राह्यलं होतं रे, बाबू."

आणि त्यांनी गार झालेल्या धोंड्यांवर तूप वाढलं.